मदत हवी आहे: आपोआप उगवलेली मेपलची रोपं कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी,

बागेत मेपलखाली आणि कुंपणाच्या कडेने बरीच रोपं आपोआप उगवली आहेत. आमचा लाल पानांचा जपानी मेपल आहे, पण मेपलच्या पंखवाल्या बिया वाऱ्याबरोबर लांबूनही येतात. त्यामुळे सगळी त्याचीच असतील असं वाटत नाही.

ही मेपलचीच रोपं आहेत याची बऱ्यापैकी खात्री आहे. बीजपत्रं (बीतून सर्वांत आधी निघणारी दोन पानं) पट्टीसारखी लांबट आहेत आणि नंतरची पानं समोरासमोर जोडीने आली आहेत. (स्वीटगम या वेगळ्या झाडाची पानंही मेपलसारखीच दिसतात, पण ती एकाआड एक येतात.) अडचण पुढची आहे. कोवळ्या रोपाची पहिली पानं मोठ्या झाडासारखी नसतात. काहींना खाचा जवळजवळ नाहीतच, नुसत्या दातेरी कडा. रंगावर जावं, तर लाल जपानी मेपलच्या बियांतून हिरवी रोपंही निघतात.

कुंपणाजवळच्या एका रोपाच्या पानाचा देठ तोडला, तर पांढरा चीक आला. नॉर्वे मेपलला असा चीक असतो, पण फील्ड मेपललाही असतो. इतक्या लहान वयात या दोघांतला फरक कशावरून ओळखता? हिवाळ्यातल्या कळ्यांची वाट पाहावी का?

नॉर्वे मेपल उत्तर अमेरिकेत रानात पसरून आक्रमक ठरला आहे, तेव्हा तो असेल तर मुळं खोल जायच्या आत काढायचा आहे. जपानी मेपलचं मात्र एकही रोप चुकून उपटलं जाऊ नये, ती कुंडीत वाढवायची फार इच्छा आहे. कुणी अशी रोपं वाढवली असतील तर कृपया सांगा, पहिल्या वर्षी तुम्ही नेमकं काय पाहता?