पाव इंचाची शिवण, अस्तराला चुण्या, लहरणारी किनार: गोधडी नेमकी कुठे बिघडते?

उसवत_बसलेली

घरच्या साध्या मशीनवर गोधडी शिवतेय. आराखडा सोपा आहे: तयार मापात १२ इंचांचे ३० ब्लॉक, आडवे ५, उभे ६. एक ब्लॉक साधा, एकाच कापडातून साडेबारा इंचांचा कापलेला. त्याच्या शेजारचा बुद्धिबळाच्या पटासारखा, साडेतीन इंची १६ चौकोन जोडून केलेला. भोवती ४ इंचांची किनार. पहिली गोधडी पूर्ण झाली, पण तीन दोष राहिले.

एक, पटाचा ब्लॉक साडेबारा भरायला हवा, तो भरतो बारा इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ओढून ओढून साध्या ब्लॉकला जोडला. दोन, टिपा मारून झाल्यावर अस्तराला चुण्या दिसतात, त्याही आडवी आणि उभी टीप छेदते तिथे जास्त. वर साधे ब्लॉक थोडे फुगलेले. तीन, जमिनीवर पसरली की मधला भाग सपाट बसतो आणि किनार लाटांसारखी उठते.

दुसऱ्या गोधडीचे तुकडे याच मापाने कापून ठेवलेत. मशीनला वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्या दात्यांबरोबर सरकवणारा पाय) आहे. शिवायला घेण्याआधी काय बदलू? आणि खरं सांगा, उसवणं सोडून या कामात मजा नेमकी कशात आहे?

दोन_सूत

पहिल्या दोषाचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ब्लॉक तीन सूत कमी. एका ओळीत चार चौकोन, म्हणजे तीन शिवणी. प्रत्येक शिवण एक सूत जास्त खातेय, दोन्ही तुकड्यांकडून अर्धा-अर्धा. तुमचा पाव इंच दोन सुतांचा नाही, अडीच सुतांचा आहे.

कारणं दोन. साध्या प्रेसर फूटची (कापड दाबून धरणाऱ्या पायाची) उजवी कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असेलच असं नाही, बहुतेकदा ती जास्त लांब असते. आणि शिवण मोजून पाव इंच भरली तरी इस्त्री केल्यावर कापड दुमडतं, त्या घडीत धाग्याएवढं माप जातं. म्हणून शिवण पाव इंचाला एक धागा कमी घ्यायची. शिवण मोजत बसू नका, इस्त्री केलेला तुकडा मोजा.

चाचणी अशी: दीड इंच रुंद, सहा इंच लांब तीन पट्ट्या कापा. शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा, मोजा. एकूण रुंदी साडेतीन आणि मधली पट्टी बरोबर एक इंच भरली पाहिजे. मधली कमी भरली तर शिवण मोठी, जास्त भरली तर शिवण लहान. सुई डावी-उजवीकडे सरकवता येत असेल तर एक घर उजवीकडे न्या आणि परत चाचणी घ्या. मात्र आधी सुईखालची मशीनची धातूची पट्टी बघा. तिला एकच गोल भोक असेल तर सुई सरकवली की ती पट्टीवर आपटून मोडते. अशा वेळी मशीनवर योग्य अंतरावर जाड टेपचे तीन-चार थर चिकटवा आणि कापडाची कड त्याला घासत न्या.

वरचा फुगवटाही इथूनच आलाय. बारा इंच एक सुताला साडेबारा जोडलं की साध्या ब्लॉकमध्ये तीन सूत कापड फाजील राहतं, आणि ते कुठेतरी वर येणारच.

कच्चा_टाका

अस्तराच्या चुण्या मशीनवर पडतात असं वाटतं, पण बहुतेक वेळा त्या तीन थर (वरचं कापड, मधलं वॅडिंग म्हणजे मऊ भरण, खालचं अस्तर) एकत्र टाचतानाच पडून गेलेल्या असतात.

किनारीसकट तुमची गोधडी ६८ गुणिले ८० इंच. अस्तर चारही बाजूंना ३ इंच जास्त, म्हणजे ७४ गुणिले ८६. कापडाचा पन्हा ४४ इंच असेल तर दोन लांब्या जोडाव्या लागतील, साधारण साडेचार मीटर कापड. जोडण्याआधी दोन्हीकडचे काठ कापून टाका. काठाची वीण घट्ट असते, तो शिवणीत राहिला की धुतल्यावर तिथे कापड आवळतं.

अस्तर इस्त्री करून उलटी बाजू वर ठेवून जमिनीवर पसरा. आधी चारही बाजूंचे मध्य टेपने चिकटवा, मग कोपरे. ताण हवा, पण पलंगावरच्या चादरीइतकाच. ढोलकीसारखं ताणलंत तर टेप काढल्यावर अस्तर आखडतं, वरचे दोन थर आखडत नाहीत, आणि ती तफावत म्हणजे तुमच्या चुण्या. वॅडिंग घडीतून काढून एक रात्र मोकळं पसरून ठेवा. घडीच्या खुणा हाताने दाबून जात नाहीत.

पिना मध्यापासून बाहेर, एका पिनेपासून दुसरीपर्यंत मूठभर अंतर, म्हणजे चार इंच. तळहात कुठेही ठेवला तरी त्याखाली पीन लागली पाहिजे. जिथे टीप जाणार आहे त्या रेषेवर पीन नको, नाहीतर दर चार इंचांवर थांबावं लागतं.

अंगुस्तान

पिनांबद्दल माझं मत वेगळं आहे. लांब कच्चे टाके घाला, दीड-दोन इंचांचे, चार इंचांच्या अंतराने उभे-आडवे. वेळ दुप्पट लागतो हे मान्य, पण पिनेजवळ कापड जसं उचललं जातं तसं इथे होत नाही. वर हाताने धावदोरा घालणार असाल तर पिना सतत दोऱ्यात अडकतात.

मजा विचारलीत म्हणून हातकामाचं सांगतो. आखूड सुई घ्या, ९ किंवा १० नंबरची. इथे नंबर वाढला की सुई लहान होते. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण १८ इंच. त्याहून लांब दोरा वळतो, गाठी पडतात, विसविशीत होतो. सुरुवातीची छोटी गाठ वरच्या कापडातून हलकेच ओढायची. ती 'टप्प' करून आत जाते आणि वॅडिंगमध्ये बसते. वरून काहीच दिसत नाही. तो आवाज ऐकायला लोक पुन्हा पुन्हा गाठ मारतात, खोटं नाही. मधलं बोट अंगुस्तानात (सुई ढकलायच्या टोपणात), खालच्या हाताचं बोट सुईच्या टोकाखाली, सुईवर तीन-चार टाके भरून मगच दोरा ओढायचा. पहिल्या दिवशी टाके मोठे आले तर येऊ द्या, सारखे आले म्हणजे झालं. लहान आपोआप होतात.

दोन_सूत

टाचणं नीट झालं असं धरून मशीनबद्दल. टीप छेदते तिथेच चुणी पडते, कारण आधीच्या टिपेने तिथे कापड अडवलेलं असतं आणि पुढे सरकत आलेलं फाजील कापड त्या भिंतीवर आदळतं. म्हणून पहिली उभी टीप मधोमध, पहिली आडवी मधोमध, नंतर बाहेर सरका. छेद दोन इंचांवर आला की थांबा, सुई कापडात खाली ठेवा, गोधडीखाली हात घालून अस्तर चाचपा. फुगवटा लागला तर तिथेच दोन्ही तळव्यांनी बाजूला पसरवा. टाक्याची लांबी तुकडे जोडताना २.५, तीन थरांवर ३ ते ३.५ मिलिमीटर.

गोधडीचं वजन टेबलावरून लोंबू देऊ नका. डावीकडे खुर्ची, मागे दुसरं टेबल. वजन लोंबलं की मशीनचे दाते कापड ओढू शकत नाहीत आणि एका जागी टाके दाटतात.

खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे, अर्ध्या आकड्याने कमी करा. पण ताणाच्या चकतीला हात लावण्याआधी प्रेसर फूट वर करून वरचा दोरा नव्याने ओवा. पाय खाली असताना ओवला तर दोरा चकत्यांच्या मध्ये बसतच नाही, आणि मग अस्तराच्या बाजूला दोऱ्याची जाळी होते. सुई आठ तासांच्या शिवणकामानंतर बदला. बोथट सुई 'टक टक' वाजते.

काठकिनार

लाटा. लांब पट्टी घ्यायची, एका टोकापासून शिवत जायचं, उरलं ते कापायचं, असं केलंय ना? बहुतेक जण हेच करतात आणि हेच चुकतं. गोधडीच्या कडा हाताळून सैल झालेल्या असतात आणि मशीन पट्टी थोडी थोडी जास्त भरवतं.

मापं कडेला घेऊ नका. उभं माप मध्यावर आणि दोन्हीकडे एक-एक ब्लॉक आत, असं तीन ठिकाणी घ्या आणि सरासरी काढा. तुमच्या आराखड्यात ती साडेबाहत्तर यायला हवी. साडेचार इंच रुंदीच्या दोन पट्ट्या त्या मापाला आधी कापा. पट्टीचा आणि गोधडीचा मध्य, मग पाव भाग जुळवून टाचा, मग शिवा. त्या दोन लागल्यानंतर आडवं माप नव्याने घ्यायचं, साडेअडुसष्ट. पट्ट्या कापडाच्या लांबीच्या दिशेने कापता आल्या तर उत्तम, त्या दिशेला कापड कमी ताणतं.

शेवटच्या गोटाचा (कडा झाकणाऱ्या पट्टीचा) हिशेब: घेर २९६ इंच, जोड आणि कोपऱ्यांसाठी १२ जास्त, ३०८. काठ कापून ४२ इंच मिळतात असं धरलं तर अडीच इंची ८ पट्ट्या, तिरक्या जोडाने. पट्टी दुहेरी दुमडून लावा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबायचं, पट्टी सरळ वर दुमडायची, मग खाली आणायची, कडेपासून पुन्हा सुरू. पाव इंच विसरलात तर कोपरा टोकदार येत नाही, बोथट होतो. उरेब (तिरकी) पट्टी कापायची गरज फक्त गोल कडांना.

कच्चा_टाका

इस्त्रीचं राहिलं. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. फिरवलेली इस्त्री चौकोनाचा पतंग करते. शिवण आधी मिटलेल्या स्थितीत दाबा, मग गडद कापडाच्या बाजूला वळवा. पटाच्या ब्लॉकमध्ये एका ओळीच्या शिवणी उजवीकडे, पुढच्या ओळीच्या डावीकडे. दोन ओळी समोरासमोर ठेवून अंगठा आणि तर्जनीत चोळल्या की दोन उंचवटे सरकतात आणि एकमेकांना टेकून थांबतात. उंचवटा बोटाला लागत नाही, खड्डाही नाही. तिथे टाचणी लावा. शिवून उलगडलं की चार कोपरे एका बिंदूत. मजा कुठे आहे ते विचारत होतात.

काही जण शिवण दोन्हीकडे उघडी दाबतात. जाडी कमी होते हे खरं, पण ही पकड मिळत नाही, आणि नंतर शिवणीच्या खाचेतून टीप मारली तर ती कापडावर न पडता नुसत्या दोऱ्यावर पडते.

खुणा करायच्या असतील तर पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनावर इस्त्री लावू नका, खूण पक्की बसते.

उसवत_बसलेली

चाचणी घेतली. मधली पट्टी सात सूत, एकूण सव्वातीन. म्हणजे हिशेब तंतोतंत. सुई दोन घरं उजवीकडे नेल्यावर साडेतीन भरली. त्याच सेटिंगवर पटाचा एक ब्लॉक केला: तीन बाजू साडेबारा, चौथी अर्धा सूत कमी. उसवू का?

दोन_सूत

नको. अर्धा सूत कापड सामावून घेतं. टोकं आणि मध्य टाचा, आणि जो तुकडा लांब आहे तो खाली, दात्यांच्या बाजूला ठेवून शिवा. दाते खालचं कापड किंचित जास्त भरवतात, तेवढं फाजील त्यातच जिरतं.