कानात हेडफोनचे बोळे घालून अभ्यास होतो म्हणणाऱ्यांनो, एकदा माझ्या अभ्यासिकेत येऊन बसा

अभ्यासिकावाला:
परवा 'एकाग्र' यांनी इथे लिहिलं की ॲपवर ब्राउन नॉइज, म्हणजे एकसुरी घुमणारा आवाज, सगळ्यांनी लावा, मन भरकटणं कायमचं बंद होतं, आणि शांततेत अभ्यास करणारी मुलं परीक्षा हॉलमध्ये मार खातात. खाली वाहवांचा पाऊस. तिथेच चार ओळी लिहून सोडून देणार होतो, पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडची सहा मुलं नवे हेडफोन घेऊन आली, तेव्हा राहवलं नाही.

नाशिकला अशोकस्तंभाजवळ अकरा वर्षं स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतोय. ४८ खुर्च्या. खिडकीपाशी एक पोरगा बसतो, कानात बोळे, हातात पिवळा हायलायटर. मंगळवारी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. सव्वानऊला राज्यघटनेतल्या कलम ३५२ चं पान उघडलं, दहाला तेच पान. हायलायटरचं टोपण उघडंच राहून टोक सुकलेलं. मान मात्र ठेक्यात डुलत होती. विचारलं तर म्हणे, "सर, झोनमध्ये होतो."

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. १९७६ साली कोल आणि वेल्श यांनी लोकांना अक्षरांचा क्रम लक्षात ठेवायला लावला आणि मागे जर्मन भाषेतला उतारा वाजवला. ऐकणाऱ्यांना जर्मनचा गंध नव्हता, तरी चुका वाढल्या. बोलणं कळत नसलं तरी ते आत शिरतं. आपण वाचतो तेव्हा मनातल्या मनात पुटपुटतोच ना? त्याच खोलीत दुसरा कोणी बडबडायला लागला की दोघांचं वाजणार.

आणि जुलै लागला की पलीकडच्या मैदानात रोज संध्याकाळी ढोलाचा सराव. त्यावर वेगळं लिहीन.

एकाग्र:
माझ्याच धाग्यावर उत्तर द्यायची हिंमत नव्हती का? असो. तुम्ही माझा लेख वाचलेलाच नाही. ब्राउन नॉइज म्हणजे गाणं नव्हे. त्यात शब्द नाहीत, चाल नाही, ठेका नाही. धरणाचं पाणी सुटल्यावर येतो तसा एकसुरी घोष. तुमचा जर्मन उतारा मला लागूच होत नाही. तुमच्या खिडकीतल्या पोराची मान डुलत होती म्हणजे तो सिनेमाची गाणी ऐकत होता. त्याचं खापर माझ्यावर का? शिवाय अक्षरांचा क्रम पाठ करणं म्हणजे काही अभ्यास नव्हे.

अभ्यासिकावाला:
अक्षरांचा क्रम म्हणजे अभ्यास नव्हे? ३५२, ३५६, ३६० कशाची कलमं ते क्रमाने न चुकता सांगणं, हाच तर आमच्या पोरांचा धंदा आहे.

अनामिक:
तपकिरी आवाज 😂 उद्या जांभळा येईल.

निवृत्त मास्तर, नाशिकरोड:
हसण्याआधी माहिती घ्यावी. त्या 'ब्राउन'चा तपकिरी रंगाशी काही संबंध नाही. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाचं ते नाव आहे. पाण्यात परागातले कण कसे वेडेवाकडे हलतात ते त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, त्या हालचालीवरून हे नाव आलं.

आता मूळ मुद्दा. माझी शाळा रुळालगत होती. वर्गाच्या खिडक्या तिकडेच. मालगाडी आली की मी खडू हवेत धरून उभा. पोरं डबे मोजायची, "सर, अठ्ठावन्न!" गाडी जायची, पण वर्ग काही परत यायचा नाही. अपूर्णांक शिकवताना तीनदा गाडी गेली की तास संपला. तेव्हा वाटायचं, आपलंच शिकवणं कमी पडतंय. पुढे वाचनात आलं की १९७५ साली न्यूयॉर्कच्या एका शाळेचा असाच अभ्यास झाला होता. उन्नत रेल्वेच्या बाजूच्या वर्गातली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या जवळजवळ वर्षभर मागे पडलेली होती. मग रुळांखाली रबर बसवलं, वर्गांना आवाज शोषणारी छतं केली आणि तो फरक निघून गेला. मुलं तशीच, शिक्षक तसेच. इथे हेडफोनचं कौतुक चाललंय, खिडक्यांचं कोणी बोलत नाही.

सातपूरचा सेटर:
मास्तर, तुमच्या वर्गात मी असतो तर तुमच्याआधी डबे मोजले असते.

माझं उलट आहे. बावीस वर्षं मशीनवर काढली. कॉम्प्रेसर, कूलंटचा पंप, शेजारी प्रेस, सगळं एकदम चालू. त्या गोंगाटात माझं डोकं सगळ्यात शांत. लाइट गेली आणि सगळं बंद पडलं की घरचे हप्ते, पोरीची फी, सासऱ्यांचं ऑपरेशन, सगळं रांगेत येऊन उभं. पण एक सांगतो, तो आवाज 'मागे' नसतो. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या टोकाची, धार गेली की कापण्याचा सूर किंचित चिरका होतो आणि माझी मान आपोआप वर. व्हर्नियर लावून माप घ्यायच्या आधीच कळतं की मशीनवरचा जॉब बिघडला. म्हणजे सारखा चालणारा आवाज कान सोडून देतो आणि बदललेला पकडतो. तुमच्या जर्मनवाल्याचंही तेच असणार, बोलणं सारखं बदलतं म्हणून.

बाकी डावा कान आता कामातून गेलाय. इअरप्लग डब्यातच राहिले. तेवढं ऐका माझं.

एकाग्र:
सेटरभाऊंनी माझाच मुद्दा सांगितला. धन्यवाद.

दोन पोरांची आई:
मी सहसा वाद घालत नाही, पण हे घरात रोज चाललंय म्हणून लिहिते. मोठा अकरा वर्षांचा, लक्ष टिकत नाही म्हणून डॉक्टरांकडे जातो आम्ही. शांत खोलीत बसवला की पाय हलतो, मग पेन्सिल पडते, मग पाणी, मग शू. एकदा चुकून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू राहिला आणि हा ओट्याशेजारी बसून पंचवीस मिनिटं गणितं करत होता. मी पोळी जाळली बघण्याच्या नादात. नंतर कळलं, २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी हेच तपासलं होतं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा त्रास, असलेल्या मुलांना पांढऱ्या आवाजात (व्हाइट नॉइज, एकसारखी खरखर) जास्त आठवलं आणि बाकीच्या मुलांचं उलट बिघडलं.

धाकटी त्या 'बाकीच्यां'तली. त्याच एक्झॉस्टने तिला वेड लागतं, कानावर उशी घेऊन बसते. टेबल एकच आहे. आता सांगा.

एकाग्र:
म्हणजे मी बरोबर होतो.

दोन पोरांची आई:
नाही हो दादा. तुम्ही "सगळ्यांनी लावा" लिहिलंत. माझी मुलगी सगळ्यांत येत नाही का?

टिपरू:
सगळं वाचलं. पहिल्या पोस्टची शेवटची ओळ काही गिळली जात नाही. अभ्यासिकावाले काका, 'पलीकडच्या मैदानात' आम्हीच असतो. दहाच्या आत बंद करतो, रविवारी तर साडेआठलाच. वर्षातले दोन महिने. नाशिकमध्ये राहून नाशिक ढोलाचा त्रास होतो म्हणणं म्हणजे पंचवटीत राहून घंटेचा त्रास होतो म्हणण्यासारखं आहे.

अभ्यासिकावाला:
होतोच घंटेचा त्रास, लिहून ठेवा. आणि दहाच्या आत म्हणजे उपकार नव्हेत, कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. तुमचा एकटा ताशा ते पहिल्या मिनिटात ओलांडतो. मार्चपासून राबणाऱ्या पोरांची पूर्व परीक्षा तोंडावर आणि बाहेर धडाम-धुम. ढोलाला माझा विरोध नाही, विसर्जनाला मीही जातो. पण साठ ढोल?

टिपरू:
बेचाळीस. आणि ताशाबद्दल माहिती नसताना बोलू नका.

पुणेकर (सध्या इंदिरानगर):
आमच्याकडे पथकं नदीपात्रात सराव करतात. शिस्तीत.

टिपरू:
आलेच! ढोल आमचा, नाव नाशिक ढोल, आणि शिस्त शिकवणार पुणे. फेटे आणि ड्रोन कॅमेरे म्हणजे शिस्त का?

पुणेकर (सध्या इंदिरानगर):
नाव तुमचं, पण तो घराघरात कोणी नेला ते सांगा की. आणि हल्ली तुम्हीही फायबरचंच पान लावता. चामड्याचा ढोल घुमायचा, हा कानात खिळा मारतो.

टिपरू:
पावसात चामडं ढिलं पडतं, म्हणून फायबर. गल्लीच्या कोपऱ्यावर भर श्रावणात शेकोटी करून पान तापवत बसायला तुम्ही येणार का? माझे आजोबा बसायचे. त्यांचा ढोल अजून घरात आहे. दसऱ्याला काढतो, तोच घुमतो, मान्य. पण 'कानात खिळा' म्हणणाऱ्याने आधी डीजेची भिंत बंद करून दाखवावी.

गंगापूररोड ताई:
डीजेला अनुमोदन! आमच्या समोरच्या कार्यालयात लग्न असलं की कपाटातली भांडी नाचतात. तक्रार केली तर म्हणतात, "एकच दिवस आहे." वर्षाला असे चाळीस एकच दिवस.

देवळालीकर:
आमच्याकडे तोफा चालतात, तोफा. पाहुणे दचकतात, आम्ही चहा ढवळत असतो. पण गल्लीतलं कुत्रं रात्री एकदा भुंकलं की अख्खी आळी जागी. कोणाला कशाची सवय, त्यावर आहे सगळं.

निवृत्त मास्तर, नाशिकरोड:
विषय लक्ष आणि आवाज असा होता. आता तो पुणे-नाशिक सीमावाद झालेला आहे.

टिपरू:
विषयावरच येतो मास्तर. 'मन भरकटणं कायमचं बंद' हे वाचून हसू आलं. हातात टिपरू, दुसऱ्या हाताने थापी, कमरेला ढोलाचं वजन. घरचा विचार डोक्यात आला रे आला की हात अर्धी मात्रा मागे पडतो आणि पुढच्या रांगेतला वळून बघतो. तास-तासभर मन जागचं हलत नाही. पण हे वाजवणाऱ्याचं झालं. ऐकणाऱ्याचं काय होतं ते काकांनाच माहीत. माझी बहीण त्यांच्याच अभ्यासिकेत बसते. घरी येऊन ती माझ्याशी बोलत नाही दोन महिने. तेव्हा अगदीच काही कळत नाही असं नाही.

दोन पोरांची आई:
'कायमचं बंद' वर मीही अडले होते. २०१० मध्ये हार्वर्डच्या दोघांनी २,२५० लोकांना दिवसभरात अवेळी फोनवर विचारलं, आत्ता मन कुठे आहे? सुमारे ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामात नव्हतंच. जागेपणीचा निम्मा वेळ, आणि म्हणे एका ॲपने कायमचं बंद.

एकाग्र:
'कायमचं' हा शब्द मागे घेतो. बाकी सगळं तसंच. आणि २०१२ चा एक अभ्यास आहे, साधारण ७० डेसिबलला, म्हणजे गजबजलेल्या कॅफेइतक्या आवाजात, लोकांना नव्या कल्पना जास्त सुचल्या. तोही बघा.

निवृत्त मास्तर, नाशिकरोड:
त्याच अभ्यासात ८५ डेसिबलला सुचणं घसरलं, तेही लिहा. आणि कलमं पाठ करताना कल्पना सुचल्या तर पेपरात पंचाईत.

खुर्ची क्र. ३१:
सर, ओळखू नका. दोन वर्षं तुमच्याकडे बसतेय म्हणून सांगते. तुमच्या शांततेचा सगळ्यांनाच त्रास होतोय. फेब्रुवारीत तुम्ही मधला जुना पंखा काढून नवा बिनआवाजाचा लावलात. आधीच्याला बेअरिंगची खरखर होती, सगळं त्याखाली झाकलं जायचं. आता पानं उलटलेली ऐकू येतात. २९ नंबर नाक ओढतो ते ऐकू येतं. कोणी पेनचं बटण दाबतं, कोणी डब्याचं झाकण उघडतं, शेंगदाण्याची चटणी आहे हे वासाआधी आवाजावरून कळतं. मार्चमध्ये ती भांडणं झाली ना टेबलावरून, ती सगळी त्यामुळेच. हेडफोन मुलांनी एकाग्र सरांचं ऐकून नाही आणले, नाक ऐकू येऊ नये म्हणून आणलेत.

आणि त्या खिडकीतल्या मुलाचा ब्रेकअप झालाय. त्याला कुठल्याही डेसिबलला ३५२ जाणार नाही.

सातपूरचा सेटर:
बेअरिंग! मी म्हणत नव्हतो?

एकाग्र:
😌

अभ्यासिकावाला:
३१ नंबर, ओळखलं. फी भरायची राहिलीय.

पंख्याचं. मी साडेतीन हजार घालून नवा आणला तो वीजबिलासाठी, हे आधी नोंदवा. काल वाचून झाल्यावर रात्री सगळे गेल्यावर एकटा आत बसून पाहिलं. घड्याळ ऐकू येत होतं. ते तिथे आहे हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. मग रस्त्यावरून दोघं बोलत गेले, उधारीचं काहीतरी होतं, आणि मी हिशेबाची वही उघडी टाकून त्यांचं ऐकत बसलो. जुना पंखा असता तर त्यातला एक शब्द पोचला नसता.

पंखा माळ्यावर आहे. गुरुवारी इलेक्ट्रिशियन येईल. एकाग्र यांनी यात आपला विजय पाहू नये, पंखा हे ॲप नाही. गाण्याचे बोळे घालून वाचता येत नाही, यावर मी ठाम आहे.

ढोलाचं, पूर्व परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तरी?

टिपरू:
चार दिवस. सहा मागू नका. बहिणीलाही सांगा की मी सोडले.

पुणेकर (सध्या इंदिरानगर):
त्या पंख्याखाली जागा आहे का एखादी? महिना किती घेता?