शब्दचर्चा : ‘महासागर निर्माण झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

अर्थशोधक
महासागर कधी निर्माण झाले, याची मराठीत तीन उत्तरं वाचायला मिळतात. एका ठिकाणी ४ अब्ज वर्षांहून आधी, दुसऱ्या ठिकाणी १८ कोटी वर्षांपूर्वी, आणि अरबी समुद्रापुरतं सुमारे ६ कोटी. तिन्ही आकडे बरोबर असतील तर ‘निर्मिती’ हा एकच शब्द वेगवेगळ्या घटनांना लावला जातोय. त्यांच्यासाठी वेगळे शब्द कोणते?

काळापत्थर
तिन्ही बरोबर आहेत. पाणी जुनं आहे आणि तळ नवा आहे, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी पाणी. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉन खनिजाचे कण सापडतात. त्यांतल्या सर्वांत जुन्याचं वय ४.४ अब्ज वर्षं आहे. या प्राचीन कणांपैकी काहींमध्ये ऑक्सिजन-१८ चं (ऑक्सिजनच्या जड प्रकाराचं) प्रमाण प्रावरणातल्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातल्या, झिरकॉनपेक्षा जास्त भरतं. असं व्हायला मूळ खडकाची आधी कमी तापमानाला द्रव पाण्याशी प्रक्रिया व्हावी लागते, मग तो खडक वितळून त्यातून झिरकॉन बनावा लागतो. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण यावरून ‘द्रव पाणी होतं’ एवढंच म्हणावं, ‘महासागर होता’ असं थेट लिहू नये. समुद्राचा ठसठशीत पुरावा ग्रीनलंडमधल्या इसुआचा, ३.७ ते ३.८ अब्ज वर्षांचा. तिथे उशी-लाव्हा आहे. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की वरचा थर लगेच थिजतो आणि उशांसारखे गोळे एकावर एक रचले जातात.

आता तळ. महासागरांतल्या जलमग्न पर्वतरांगांच्या भेगेतून शिलारस वर येतो, थिजतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. सरकता सरकता थंड आणि जड होतो. शेवटी गर्तेपाशी (समुद्रतळावरच्या खोल घळीपाशी) दुसऱ्या भूपट्टाखाली, म्हणजे कवचाच्या दुसऱ्या सरकत्या तुकड्याखाली, घुसून प्रावरणात जातो. त्यामुळे जुना तळ शिल्लकच राहत नाही. पश्चिम प्रशांत महासागरातला सर्वांत जुना तळ साधारण १८ कोटी वर्षांचा आहे.

म्हणून पाण्यासाठी ‘साचलं’ आणि तळासाठी ‘द्रोणी (महासागराचा खोलगट भाग) उघडली’ असं लिहावं. ‘निर्मिती’ नकोच.

खाजण
‘द्रोणी’ला माझा पाठिंबा. ‘महासागराचं खोरं’ असंही लिहिलेलं दिसतं, ते चुकतं. खोरं नदीचं. त्यात उतार, पाणलोट आणि बाहेर जाणारा प्रवाह गृहीत आहे. द्रोणीत पाणी येऊन थांबतं.

‘उघडली’ला मात्र हरकत आहे. मराठीत दार उघडतं, झाकण उघडतं. इथे आधी भूखंड ताणला जातो, पातळ होतो, मधला भाग खाली खचून खचदरी पडते (पूर्व आफ्रिकेत आज ही अवस्था दिसते), मग दरीत समुद्र शिरतो, तांबड्या समुद्रासारखा, आणि मग अटलांटिकसारखी रुंदी येते. ‘भूखंड दुभंगला, द्रोणी रुंदावत गेली’ असं म्हटलं की क्रमही कळतो.

काळापत्थर
मान्य. ‘दुभंगला’ उत्तम. अरबी समुद्राला तो नेमका बसतो. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून वेगळा झाला. दख्खनचे लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरले आणि त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडा भारतापासून दूर जाऊ लागला. मधल्या जागेत कार्ल्सबर्ग या जलमग्न पर्वतरांगेतून नवा तळ तयार होत गेला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसॉल्टचे खांब त्याच लाव्हा-काळातले. वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये जो गाळाचा थर सापडला, त्यात बेडकांचे जीवाश्म आहेत. बेडूक म्हणजे गोडं पाणी, तेव्हा आजच्या वरळीच्या जागी त्या वेळी तळं होतं, समुद्र नव्हे.

अंकगणित
आकड्यांबद्दल. १ अब्ज म्हणजे १०० कोटी, १ दशलक्ष म्हणजे १० लाख. ४.४ अब्जचे ४४० कोटी होतात. घाईत ‘४४ कोटी’ छापलं जातं आणि मग समुद्र माशांनंतर आल्यासारखा होतो! ६६ दशलक्षपेक्षा ६.६ कोटी वाचकाला लगेच कळतं. एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

बाष्प
पाणी ‘साचलं’ ठीक आहे, पण आलं कुठून, तिथेही क्रियापद जपून. ‘धूमकेतूंनी पाणी आणलं’ हे विधान फार ठाम आहे. पाण्याचा स्रोत ओळखायची खूण म्हणजे ड्युटेरियम, जड हायड्रोजन. समुद्राच्या पाण्यात त्याचं साध्या हायड्रोजनशी प्रमाण दहा लाखांत सुमारे १५६ आहे. रोझेटा या अवकाशयानाने ६७पी या धूमकेतूवर मोजलेलं प्रमाण त्याच्या तिपटीहून जास्त निघालं. कार्बनयुक्त उल्कांचं प्रमाण समुद्राच्या बरंच जवळ येतं. शिवाय पृथ्वी ज्या द्रव्यातून बनली त्यातच पाण्याचा अंश होता, आणि तो ज्वालामुखींतून बाष्परूपाने बाहेर पडला. ‘पाण्याचे स्रोत’ असं अनेकवचन वापरा.

दुसरं, ‘पृथ्वी १०० अंशांखाली आल्यावर पाऊस सुरू झाला’ हे वाक्य काढून टाका. आजचं सगळं समुद्राचं पाणी बाष्प होऊन हवेत असतं, तर जमिनीवरचा दाब आजच्या २५० पटींहून जास्त झाला असता. एवढ्या दाबाखाली पाणी २०० अंशांनाही द्रव राहतं. म्हणजे पहिलं पाणी तापमान १०० च्या कितीतरी वर असतानाच खाली उतरलं असणार. बाष्पाचं पाणी होण्याच्या या क्रियेला विज्ञानाच्या पुस्तकांत ‘संघनन’ आणि भूगोलात ‘सांद्रीभवन’ म्हणतात. दोन्ही बरोबर, पण एका लेखात दोन्ही नकोत.

अर्थशोधक
मग हे पाणी खोलगट भागातच का राहिलं, सगळीकडे सारखं का पसरलं नाही?

काळापत्थर
कवच दोन प्रकारचं आहे म्हणून. सागरी कवच बेसॉल्टचं, साधारण ७ किमी जाड आणि जड. भूखंडाचं कवच ग्रॅनाइटच्या जातीचं, ३५ ते ४० किमी जाड आणि हलकं. हलकं कवच प्रावरणावर उंच तरंगतं, जड खाली बसतं. आज महासागरांचं क्षेत्र ३६.१ कोटी चौ. किमी आणि सरासरी खोली सुमारे ३.७ किमी आहे. गुणाकार केला की पाणी साधारण १३३ कोटी घन किमी भरतं.

खाजण
यातूनच एक पेच येतो. पाणी आहे तिथे महासागराची द्रोणी असतेच असं नाही. बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किमी समुद्रात आत आहे, पण खोली ७५ मीटरच्या आसपास. तो भाग भूखंडमंचावर आहे, शाळेच्या भाषेत समुद्रबूड जमिनीवर. खालचं कवच भूखंडाचंच. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती, तेव्हा हा पट्टा बराचसा कोरडा असणार. तिथे समुद्र ‘निर्माण झाला’ म्हणू नये, ‘चढला’ म्हणावं. ‘समुद्राचं अतिक्रमण’ हा शब्द भूशास्त्रात चालतो, पण मुंबईच्या वाचकाला अतिक्रमण म्हटलं की पदपथ आणि पालिका आठवते. आणि नरिमन पॉइंटसारख्या ठिकाणी ‘समुद्र मागे हटला’ हेही चूक, तिथे भराव घातलेला आहे.