पर्शियन की सियामी? ज्यांनी सांभाळली त्यांनी लिहा

घरात मांजर आणायचं नक्की झालंय, पण कोणतं यावर एकमत होत नाही. लेकीला पर्शियनच हवी आहे, आणि नवऱ्याचा जीव मित्राकडच्या सियामीवर जडलाय. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. दिवसभर घरी फक्त सासूबाई असतात आणि गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नाही. दिसण्यावर भरपूर बोलून झालं, आता मला रोजचं सांगा. विंचरावं किती लागतं, उन्हाळा कसा जातो, रात्री झोपू देते का? दोन्हींपैकी एकच पाळली असेल तरी लिहा.

डोंबिवलीहून, पर्शियन

आमची डॉल फेस, म्हणजे नाक कमी चपटं असलेली, भाटी आहे. स्वभावाने अतिशय शांत, उड्या नाहीत, पडद्यांवर चढणं नाही. पाहुणे आले तरी आपल्या जागेवर बसून राहते. तिचे केस मात्र रोज विंचरावेच लागतात. आधी रुंद दातांचा स्टीलचा कंगवा, मग बारीक. पाठ विंचरणं सोपं, गुंता होतो तो काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला आणि कानांमागे. तिथे दुर्लक्ष झालं की केस घोंगडीसारखे आवळतात आणि खालची कातडी ओढली जाऊन तिला चालतानाही दुखतं. अशा जटेला घरी कात्री लावू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, केसांबरोबर तीही कापली जाते. डॉक्टरांकडून मशीनने काढून घ्या.

डोळ्यांचंही रोजचं काम आहे. चपट्या चेहऱ्यामुळे अश्रूंची वाट अरुंद आणि वाकडी होते, पाणी गालावर ओघळतं आणि तांबूस डाग पडतात. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस, प्रत्येक डोळ्याला वेगळा. शेपटीखालचे केस कापून आखूड ठेवले की शी-शूच्या ट्रेमधली घाण घरभर फिरत नाही.

ताई, सासूबाई खुर्चीत बसून मांडीवर घेऊन विंचरू शकतील. वाकायची गरज पडत नाही.

नागपूरहून, पर्शियन

मी उन्हाळ्याबद्दलच लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. माणसासारखा घाम मांजराला येत नाही, अंग चाटून ओलं करणं हाच त्याचा मुख्य उपाय, आणि इतक्या दाट केसांत तो पुरत नाही. पंच फेस, म्हणजे नाक अगदी आत गेलेलं मांजर असेल तर श्वासही अपुरा पडतो. आमच्या कोरड्या हवेत कूलर चालतो, मुंबईच्या दमटपणात त्याचा उपयोग नाही, तिथे एसी लागेल. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर वाट पाहू नका, तसंच उचलून दवाखाना गाठा. विक्रेते पंच फेसला जास्त भाव लावतात. माझं स्पष्ट मत आहे की जितकं चपटं नाक, तितका त्या जिवाला त्रास, आणि तो विकत घेऊ नये.

पर्वरी, गोव्याहून, सियामी

आमचा बोका बोलतो. भूक लागली, दार बंद दिसलं, कोणी बाहेरून आलं, प्रत्येकाचा सूर वेगळा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत नाही. पहाटे पाचला आवाज सुरू होतो. ज्यांना शांतता प्रिय आहे त्यांनी याचा खरंच विचार करावा. केसांना आठवड्यातून एकदा ब्रश पुरतो.

रंगाची गोष्ट मला फार आवडते. ही पिल्लं जन्मतः जवळजवळ पांढरी असतात. अंगाचा जो भाग थंड राहतो, म्हणजे कान, तोंड, पाय, शेपूट, तिथेच गडद रंग तयार होतो. डॉक्टरांनी एकदा पाठीवरचे केस काढले तर तिथे नवे केस गडद आले आणि पुढे हळूहळू फिके झाले. डोळे मात्र निळेच हवेत. घाऱ्या किंवा हिरव्या डोळ्यांचं मांजर कोणी सियामी म्हणून देत असेल तर घेऊ नका.

याला एकटेपणा सोसत नाही. तुमच्याकडे आजी घरी आहेत, त्यांना दिवसभर सोबत होईल. मी सियामीच सुचवेन.

ठाण्याहून, दोन्ही

गोव्याच्या दादांशी मी पूर्ण सहमत नाही. सियामी सतत पायात घुटमळते. माझ्या आईला काठी लागते, आणि स्वयंपाकघरात सियामी अचानक तिच्या पुढ्यात आली की माझा जीव वर येतो. आम्ही गळपट्ट्याला घुंगरू लावलंय, थोडा फरक पडतो. त्याच आईच्या शेजारी पर्शियन तासन्‌तास पडून असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर मला पर्शियन जास्त बरी वाटते, फक्त कंगवा कोण धरणार हे आणण्याआधी ठरवा.

नाशिकहून, सियामी, शाकाहारी घर

दूध-पोळीवर किंवा दहीभातावर मांजर जगवू नका. टॉरिन हे द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, ते मांस-मासळीतूनच येतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते आणि हृदय कमजोर होतं. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ साली सिद्ध झाला, त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. आमच्या घरात मांस शिजत नाही, म्हणून मांजरांसाठीचं तयार खाद्य देतो. कुत्र्याचं चालत नाही.

कोल्हापूरहून, प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते

पर्शियन घेणार असाल तर मूत्रपिंडातल्या गाठींच्या आनुवंशिक आजाराबद्दल, पीकेडीबद्दल, आधी विचारा. आई-बाप यांपैकी एकात हा दोष असला तरी प्रत्येक पिल्लात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. जनुकीय चाचणीने कळतं. पालक-मांजरांचे अहवाल दाखवायला नकार देणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. सियामींमध्ये दम्याची प्रवृत्ती दिसते, तेव्हा धूप-उदबत्ती वेगळ्या खोलीत आणि ट्रेमधली वाळू कमी धुळीची.

तिसरा मजला म्हणालात म्हणून सांगते. गॅलरीला आणि प्रत्येक खिडकीला जाळी मांजर येण्याआधी बसवा, बारीक आणि मजबूत. आणि सासूबाईंच्या दुखण्यावरच्या गोळ्या डब्यात बंद ठेवा. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते, जात कुठलीही असो.