चार ओळींत ब्रह्मांड? मग पाण्याची पातळी सांगा की!

जुना मास्तर
काल रात्री 'डिजिटल दत्तू' यांनी इथं लिहिलं, "विश्व म्हणजे चार ओळींचा प्रोग्रॅम आहे. ज्याला पटत नाही त्याचं गणित कच्चं." 33 वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. रात्रभर झोप नाही. निम्मी पावसानं घालवली, निम्मी तुम्ही.

दत्तूंचं म्हणणं थोडक्यात असं. कोनराड झूझ या जर्मन इंजिनिअरनं 1969 च्या पुस्तकात मांडलं की अवकाश स्वतःच आकडेमोड करतंय. पुढं स्टीफन वुल्फ्रम या शास्त्रज्ञानं दाखवलं की काळ्या-पांढऱ्या घरांच्या एका ओळीला किरकोळ नियम लावला तरी भयंकर गुंता निघतो. विश्वातही गुंता आहे. म्हणून विश्व म्हणजे तसाच एखादा नियम. अहो, मिरची तिखट, रस्सा तिखट, म्हणून रस्सा नुसत्या मिरचीचा? खोबरं, तीळ, खसखस कुठं गेली?

आणि छोट्या प्रोग्रॅमचं एवढं काय कौतुक? आपल्या कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातलं प्रत्येक पुस्तक छापणारा प्रोग्रॅम मी दोन ओळींत देतो. सगळी अक्षरं सगळ्या क्रमांनी छापत सुटायचं. सगळी पुस्तकं त्यात येणार. पण हवं ते पुस्तक नेमकं कुठं आहे याचा पत्ता लिहायला बसलात, तर पत्ताच पुस्तकाएवढा होतो. म्हणजे मिळवलं काय?

1846 मध्ये ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञानं कागदावर गणित केलं, बर्लिनच्या वेधशाळेला पत्र धाडलं, आणि त्यानं सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. याला सिद्धांत म्हणतात. तुमच्या चार ओळींनी आजवर असा एक तरी नवा आकडा दिलाय, जो नंतर प्रयोगात जुळला? एकच सांगा. मी धागा उडवतो.

डिजिटल दत्तू
सर, नमस्कार. तुम्ही मला शिकवलेलं नाही, नाहीतर मी फिजिक्स सोडून आयटीत गेलोच नसतो. (की गेलोच असतो?)

वाचनालयाचा दाखला झकास, पण तो माझ्या बाजूचा आहे. श्मिडहुबर या संगणकशास्त्रज्ञानं 1997 मध्ये हेच लिहिलं की एकच विश्व चालवण्यापेक्षा शक्य ती सगळी विश्वं चालवणारा प्रोग्रॅम छोटा असतो. तुम्हाला त्यात अडचण दिसते, मला उत्तर दिसतं.

राहिला आकडा. तुम्ही 'रिड्यूसिबल' गोष्टीचं उदाहरण घेतलंत. ग्रह कुठं असेल हे सूत्रात घालून काढता येतं. प्रत्येक गोष्टीला अशी आडवाट नसते. राधानगरी धरणाचे 7 स्वयंचलित दरवाजे घ्या. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दार आपोआप उघडतं, उतरलं की मिटतं. नियम एका ओळीचा. तरी तिसरं दार उद्या किती वाजता उघडेल ते सांगा बघू? पाऊस पडू द्यायचा आणि बघायचं, दुसरा इलाज नाही. नियम सोपा असतो, निकाल सोपा नसतो. एवढंच म्हणतोय मी.

पंचगंगाकाठ
दाराचा विषय काढलाच हाय तर ऐका. आमी चिखलीचं. 2019 ला तुमच्यासारख्याच एकानं मोबाइलवर तक्ता पाठवला हुता, रंगीबिरंगी. पाणी अमुक फुटावर थांबणार म्हणं. आमी वरच्या माळ्यावर तांदूळ, शेगडी, म्हातारी नेली आणि म्हशी खाली ठेवल्या, का तर तक्ता. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा 39 फुटाला, धोका 43 ला. ते 55 च्या वर गेलं. म्हशींचं काय झालं इचारू नका.

आडवाट न्हाई, बघत बसायचं, हे तुमी लॅपटॉपफुडं बसून म्हणताय. आमी कौलावर बसून बघितलं.

ऊसवाला शिरोळकर
दादा बरोबर बोलला. पण राधानगरीला बोल लावून काय? खरं दुखणं खाली कर्नाटकातल्या धरणात हाय. अलमट्टी. 519.6 मीटरला हाय तरी आमचा ऊस कुजतोय आणि त्यांस्नी 524 च्या वर न्यायचीय. ह्याचा प्रोग्रॅम लिवा की कुणीतरी.

शाहूपुरीचा शहाणा
परत अलमट्टी! 2019 च्या पुरावर नेमलेल्या वडनेरे समितीनं स्पष्ट सांगितलंय की पूर अलमट्टीमुळं नव्हता. नदीच्या पात्रात घरं बांधायची, भराव टाकायचे, आणि नाव दुसऱ्या राज्याचं घ्यायचं.

ऊसवाला शिरोळकर
समिती आमच्या शेतात उभी राहिली हुती का, पाणी उतरायला किती दिस लागलं ते मोजायला? मी मोजलंय. शाहूपुरीत बसून शानपन शिकवू नगा. दोन दिस पेट्रोल मिळालं न्हाई म्हणून रडत हुता तुमी लोक.

शाहूपुरीचा शहाणा
दोन दिवस? शिरोलीजवळ हायवे किती दिवस बंद होता आठवतंय का? दूध नव्हतं शहरात. माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. रडत होतो, खरं आहे.

जुना मास्तर
अहो, विषय ब्रह्मांडाचा आहे!

पंचगंगाकाठ
ब्रह्मांड बुडालं की आमचं, मास्तर.

लोकरीचा गुंडा
सगळे पुरुष भांडताय म्हणून मध्ये पडते. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं मला ते वुल्फ्रमचं 'रूल 30' शिकवलं आणि मी ते विणलं. हो, विणलं. लाल आणि पांढरी लोकर. पहिल्या ओळीत एकच लाल टाका, बाकी पांढरे. पुढच्या ओळीत प्रत्येक टाक्यासाठी मागच्या ओळीतले तीन टाके बघायचे: डावा, मधला, उजवा. डावा पांढरा असेल तर मधला-उजवा यातला एक तरी लाल असला की नवा लाल. डावा लाल असेल तर उरलेले दोन्ही पांढरे असले तरच नवा लाल. बाकी सगळं पांढरं. एवढाच नियम.

40 ओळी झाल्या, शेवटच्या ओळीत नक्षी 79 टाके रुंद. एका कडेनं छान पट्टे येतात, पण मधला उभा रकाना बघा: लाल, लाल, पांढरा, लाल, लाल, लाल, पांढरा, पांढरा... काही केल्या बसत नाही. आमचे हे म्हणाले, "चुकलंय की सगळं, उसव." तीनदा टाके मोजून दाखवले. भाचा म्हणतो की हा मधला रकाना कधी ठरावीक चक्रात येतो की नाही यासह तीन प्रश्नांवर वुल्फ्रमनं 2019 मध्ये 30,000 डॉलरचं बक्षीस लावलंय.

मला विश्वाचं माहीत नाही. पण 30 वर्षं विणकाम करून मला वाटायचं की सोप्या नियमातून सोपी नक्षीच येते. ते खोटं ठरलं.

डिजिटल दत्तू
वहिनी, तुम्हाला साष्टांग. माझ्या चार ओळींपेक्षा तुमच्या 40 ओळी भारी.

जुना मास्तर
ताईंचं म्हणणं मान्य. मलाही तरुणपणी हे कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पण बघा, दत्तू, त्यांनी स्वेटर विणला. विश्व स्वेटर आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. तुम्ही म्हणताय. फरक तेवढाच.

आणि घरांच्या जाळीतली खरी अडचण कुणी काढलीच नाही. जाळी म्हटली की तिला दिशा आल्या, आडवी-उभी-तिरकी. मग प्रकाशाचा वेग सगळीकडं तंतोतंत सारखा कसा? 2009 मध्ये फर्मी दुर्बिणीनं सात अब्जांहून जास्त वर्षं प्रवास करून आलेला गॅमा किरणांचा स्फोट पाहिला. एवढ्या वाटेत जास्त आणि कमी ऊर्जेचे कण एकमेकांपासून फार तर सेकंदाच्या आतबाहेर आले. जाळी खरखरीत असती तर वाटेत कुणीतरी मागं राहिलं असतं.

दुसरं, जॉन बेल हा शास्त्रज्ञ. त्याचं 1964 चं प्रमेय आणि त्यावरचे प्रयोग: लांब गेलेल्या दोन कणांची मोजमापं एकमेकांशी जुळतात. 2022 चं नोबेल त्या प्रयोगांनाच मिळालं. आपल्या शेजारच्या तीन टाक्यांवरून आपला रंग ठरतो, एवढ्या साध्या नियमावर ती जुळणी बसत नाही.

डिजिटल दत्तू
पहिल्या मुद्द्यावर: वुल्फ्रमनं 2020 मध्ये जे मांडलं त्यात चौकटींची जाळी नाही. बिंदू आणि त्यांची नाती, आणि नाती बदलण्याचा नियम. अवकाश त्यातून तयार होतं, आधी नसतं. त्यामुळं आडवं-उभं तिथं नाही.

दुसऱ्यावर: 'ट होफ्ट, 1999 चे नोबेलवाले, अजूनही म्हणतात की मुळाशी सेल्युलर ऑटोमॅटन, म्हणजे शेजारच्या घरांवरून बदलणारी घरांची जाळी, असू शकतं. प्रयोग करणाऱ्यानं कुठलं बटण दाबायचं हेही आधीच ठरलेलं असेल, तर बेल अडवत नाही.

जुना मास्तर
म्हणजे मी तुम्हाला हे उत्तर लिहिणार हेही ठरलेलंच होतं? मग एवढं टायपिंग मी का करतोय? बोटं दुखतात माझी.

डिजिटल दत्तू
सर, तेही ठरलेलं. 🙂

शाहूपुरीचा शहाणा
म्हणजे पात्रात बांधकाम करणाऱ्याचाही दोष नाही. सगळं आधीच ठरलंय! पटलं बुवा, फारच सोयीचा सिद्धांत आहे.

पंचगंगाकाठ
शाहूपुरीवाल्यास्नी पहिल्यांदाच बरोबर बोलता आलं.

डिजिटल दत्तू
ठीक. सर, तुमच्या एका प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. नवा आकडा, जुळलेला, एकही नाही. कालच्या वाक्यात "आहे" च्या जागी "असू शकेल" वाचा. "गणित कच्चं" ते मागं घेतो, तुमच्यापुरतं. शिरोळकरांपुरतं नाही.

दादा, दाराचं उदाहरण मी नुसतं उदाहरण म्हणून दिलं. चिखलीचं लक्षात नव्हतं. चुकलंच.

पंचगंगाकाठ
असूदे भावा. तू काय मुद्दाम केलं न्हाईस. पर एक सांग, तुझ्या त्या प्रोग्रॅमला आत्ता इचारून बघ, बंधाऱ्यावर पाणी किती हाय.

ऊसवाला शिरोळकर
आणि अलमट्टीतनं किती सोडलंय तेबी.

डिजिटल दत्तू
प्रोग्रॅम गप्प आहे. कुणी बघून आलंय का?

लोकरीचा गुंडा
आमचे हे आत्ताच जाऊन आले, रेनकोट निथळतोय. 37 फूट 8 इंच. पाऊस थांबलाय. दादा, म्हशी वर घ्या, तक्त्याची वाट बघू नका.

पंचगंगाकाठ
सकाळीच घेतल्या, वहिनी.