अनुभव धागा : उडणारं युनिट तुम्ही कसं वापरता आणि कसं गमावलंत?

मंडळी, धाग्याचं निमित्त घरातलंच आहे. माझ्या भाचीने नुकताच 'फायर एम्ब्लेम : द सेक्रेड स्टोन्स' सुरू केला. पटावर आळीपाळीने चाली करायचा युद्धाचा व्हिडिओ गेम, त्यातला प्रत्येक लढवय्या म्हणजे एक 'युनिट'. दुसऱ्या प्रकरणात तिला व्हनेसा मिळाली. पंखांच्या घोड्यावर बसलेली भालेवाली, पेगासस नाइट. सात घरं जाते, डोंगर आडवा येत नाही की पाणी. भाची हरखली आणि तिला थेट लुटारूंच्या घोळक्यात घेऊन गेली. दोन टर्नमध्ये व्हनेसा मेली. या खेळात मेलेलं माणूस परत येत नाही. पोर रडकुंडीला आली. "मामा, एवढी भारी आहे तर एवढ्यात मेली कशी?"

मी तिला जे सांगितलं ते इथेही लिहितो. उडणाऱ्यांना बाण जास्त लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण व्हनेसा बाणाने गेलीच नाही. समोर कुऱ्हाडवाले होते आणि कुऱ्हाड भाल्यावर भारी पडते. त्यात भाचीने तिच्या हातात जॅव्हलिन (फेकायचा भाला) दिला होता. त्याचं वजन 11, व्हनेसाची अंगकाठी (शस्त्राचं वजन पेलायची ताकद) 5. वरचे 6 सरळ तिच्या वेगातून गेले. दोनदा वार करायची संधी गेली. शिवाय वार चुकवण्याचं गणित वेगाच्या दुपटीवर चालतं, म्हणजे तिथे 12 गेले. सुरुवातीचा हलका स्लिम लान्स फक्त 4 वजनाचा, तो हातात असता तर वेग शाबूत राहिला असता.

तर तुमचे अनुभव लिहा. खेळ कुठलाही चालेल, युनिट उडणारं हवं. भाचीला सगळं वाचून दाखवणार आहे.

रानवारा

दादा, भाचीला सांगा, त्या नकाशावर व्हनेसाला लढायला पाठवायचंच नाही. तिथे रॉस नावाचा पोरगा लुटारूंच्या जवळ अडकलेला असतो आणि आपली नायिका आयरिका चालत पोहोचेपर्यंत त्याचं काही खरं नसतं. मी व्हनेसाला उडवत नेते, 'रेस्क्यू' करून त्याला घोड्यावर घेते आणि आयरिकाजवळ आणून उतरवते. पंखांच्या घोड्यावरच्या बाईची उचलायची क्षमता वीसमधून अंगकाठी वजा करून येते. म्हणजे व्हनेसाची 15. बारीक चणीची असूनही ती भल्याभल्यांना उचलते.

एक जपायचं. कुणाला घेऊन उडताना तिचा वेग आणि कौशल्य निम्मं होतं. ओझं घेऊन शत्रूच्या टप्प्यात टर्न संपवला की संपलंच. मी दोनदा असंच गमावलंय. तेव्हापासून आधी उतरवायची जागा बघते आणि मगच उचलायला जाते.

गावांचंही तसंच. लुटारू गाव उद्ध्वस्त करायच्या आत तिथे पोहोचणं हे तिचं खरं काम आहे.

घाटमाथा

माझी सुरुवात फ्लोरिनापासून. मामा मस्कतला होता, त्याने गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आणला तेव्हा मी सातवीत. 2003 साली निघालेला 'फायर एम्ब्लेम', जपानबाहेर आलेला मालिकेतला पहिलाच. इंग्रजी जेमतेम कळायचं.

फ्लोरिना तिसऱ्या प्रकरणात येते. मुलखाची भित्री, पुरुषांना बघून थरथरणारी. त्याच प्रकरणात ती ज्या गावात जाते तिथून विल बाहेर पडतो, आणि विल असतो तिरंदाज. तिच्या जातीला ज्याची सगळ्यात जास्त भीती, तोच पहिला सोबती. तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं, आता दर वेळी तिथे थांबतो.

तिची अंगकाठी 4. साधा आयर्न लान्सही 8 वजनाचा, म्हणजे वेगातले चार गेलेच. मी सुरुवातीला तिला बाकावरच बसवून ठेवायचो. मग कळलं की जादूगारांसमोर तिच्यासारखं कुणी नाही. पेगासस नाइटचा जादूचा प्रतिकार चांगला असतो, आणि जादूगार अंगाने लेचेपेचे. चिलखतवाल्याला जी जादू भाजून काढते ती फ्लोरिनाला चटका देऊन जाते, आणि पुढच्या टर्नला ती दोन वारांत हिशेब चुकता करते. वायव्हर्न रायडरचं, म्हणजे उडत्या ड्रॅगनवरच्या स्वाराचं, याच्या बरोबर उलटं. कातडी जाड, पण जादूपुढे हतबल. दोघांना एकच 'उडणारं युनिट' समजून खेळणाऱ्यांची फौज अर्ध्यात संपते.

मी तिला वाढवत वाढवत एलिशियन व्हिप ही बढतीची वस्तू देऊन फाल्को नाइट केलं. आणि एका किल्ल्याच्या नकाशावर बॅलिस्टाने, म्हणजे लांबवर बाण फेकणाऱ्या यंत्राने, तिला घालवलं. जवळपासचे सगळे तिरंदाज मी मोजले होते, बॅलिस्टा मोजला नव्हता. त्याचा टप्पा तीन ते दहा घरं. इकडे अंगणात, तर तिकडून बाण. रिसेट केलं नाही. शेवटपर्यंत तिच्याशिवाय खेळलो, अखेरीस तिचं नाव मृतांत बघितलं. तो सल आजही आहे.

अर्धाचहा

बॅलिस्टा +१. प्रत्येक शत्रूवर कर्सर नेऊन लाल घरं बघायची सवय मला त्यानेच लावली.

कोपऱ्यातला_हत्ती

मी जरा वेगळं लिहितो. न्यू जर्सीत एमएस करताना रूममेटकडे गेमक्यूब होता, त्यावर याच मालिकेतला 2005 सालचा 'पाथ ऑफ रेडियन्स' खेळलो. त्यातली जिल ही वायव्हर्न रायडर. या खेळात घोडेस्वार आणि उडणारे वार करून झाल्यावर उरलेली चाल चालू शकतात. गेमबॉयवरच्या भागांत वार केला की तिथेच अडकायचं. फरक कागदावर छोटा वाटतो, पण माझा खेळ त्याने बदलला. दरीवरून जायचं, एकाला पाडायचं आणि राहिलेल्या घरांत मागे सरकून चिलखतवाल्याच्या आड बसायचं.

पण जिल लक्षात राहिली ती वेगळ्याच कारणाने. ती शत्रूपक्षातून आलेली. पुढे तिचा बापच समोर सेनापती म्हणून उभा राहतो. तिची आपल्या लोकांशी, म्हणजे मिस्टसारख्या कुणाशी, घट्ट मैत्री झालेली नसेल आणि तिला बापाशी बोलायला पाठवलं, तर ती त्याच्या बाजूला निघून जाते. मी तिला कायम फौजेच्या पुढे एकटी उडवायचो, कारण तिला जमायचं. तळावर तिच्या कुणाशी गप्पाही लावून दिल्या नाहीत. मैत्री वाढणार कुठून? ती गेली. रात्रीचे दोन वाजले होते आणि मी सुन्न होऊन बसलो होतो. उडणाऱ्या युनिटचा हा तोटा कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. ते एकटं पडतं आणि आपणच त्याला एकटं पाडतो.

चंद्रकोर९

सगळ्यांचा आदर ठेवून, माझं मत उलट आहे. याच मालिकेतल्या 2019 च्या 'थ्री हाउसेस'मध्ये उडणाऱ्यांना तोटा असा फारसा उरलाच नाही. पेगासस फक्त मुलींना, पण वायव्हर्न कुणालाही. त्यात आपण शिक्षक असतो, मी अर्धा वर्ग वायव्हर्नवर बसवला. काही न करता टर्न संपवला तर 'अलर्ट स्टान्स प्लस' हे कौशल्य चुकवण्यात 30 वाढवून देतं, मग तिरंदाजाचाही नेम लागत नाही. वर डिव्हाइन पल्स आहेच, चूक झाली की काळ मागे. क्लॉड नावाचा विद्यार्थी तर वायव्हर्नवर बसून धनुष्य चालवतो!

जिंकले, पण नकाशे आठवत नाहीत. भिंती, पूल, चिंचोळ्या वाटा कुणीतरी विचार करून आखल्या होत्या आणि मी सगळ्यावरून उडत गेले. दुसऱ्या वेळी ठरवून दोनच उडणारे ठेवले, तेव्हा कुठे प्रत्येक पूल महत्त्वाचा झाला.

निळावाफा

कन्सोल नसलेल्यांसाठी 'बॅटल फॉर वेसनॉथ'. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतो. त्यातले ड्रेक, म्हणजे ड्रॅगनसारखे लढवय्ये, घ्या. नदी, डोंगर सगळं सहज पार करतात, गुहेत मात्र अडखळतात. बचाव बहुतेक जमिनींवर 30 ते 40 टक्केच, म्हणजे शत्रूचे दहातले सहा-सात वार लागतात. डोंगरावर बसवा नाहीतर गावात, मोठं अंग लपत नाही. साधा भालेवाला त्यांचा काळ आहे. टोकदार शस्त्र त्यांना जास्त लागतं आणि आपण हल्ला केला तरी पहिला वार त्याचा.

मी बरेच डाव हरल्यावर क्लॅशर घ्यायला लागलो. त्याच फौजेतला, पण न उडणारा ड्रेक. चिलखतामुळे भाला बाकीच्या ड्रेकपेक्षा बरा झेलतो. तो पुढे, उडणारे बगलेवर, मागे जखमा भरणारी सरडेमाणसं. ड्रेक दिवसा जोरात असतात, तेव्हा घुसायचं. अंधार पडायच्या आत मागे यायचं.

दुपारचीबस

'फायर एम्ब्लेम एंगेज'मधली हॉर्टेन्सिया. भिंतीपलीकडून कुणी जखमी झालं की पाण्यावरून उडत जाऊन औषधपाणी करते. लढाईत मी तिला क्वचितच आणते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल रात्री भाचीला वाचून दाखवलं. जिलचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग तिने दुसरं प्रकरण पुन्हा सुरू केलं. व्हनेसाच्या हातात स्लिम लान्स. रानवारा, तुमच्या सांगण्याप्रमाणे रॉसला उचललं, आयरिकाजवळ उतरवलं. मग व्हनेसा गावांकडे. एकाही शत्रूला तिने हात लावला नाही. सगळी गावं वाचली.

झोपायच्या आधी तिने विचारलं, तीन पेगासस नाइट एका शत्रूला वेढून 'ट्रँगल अ‍ॅटॅक' करतात म्हणे, मग बाकीच्या दोघी कधी मिळतात? ताना पुढे भेटेल आणि सायरीन बरीच उशिरा, एवढं सांगितलंय. तिघींना एकाच वेळी जिवंत ठेवून कुणी हा हल्ला नेहमी वापरला असेल तर नक्की लिहा, पोर वाट बघतेय.