पावसाळ्यातली पालेभाजी मातीविना पिकवावी (शीर्षक बदललं आहे)

घणसोलीकर:
गच्चीवर शेडनेटखाली पीव्हीसी पाइपांत, खत मिसळलेल्या फिरत्या पाण्यावर पालक आणि लेट्यूस घेतो, 2 वर्षं झाली. माझं ठाम मत आहे की शहराला लागणारी पालेभाजी तरी मातीविना पिकवावी. उघड्या शेतीपेक्षा हे सरसच.

जुलैत वाशी मार्केटातून येणारी मेथी बघा. रात्रभर ट्रकमध्ये दडपलेली, भिजलेली. निवडताना निम्मी जुडी फेकावी लागते. रुळांच्या कडेचा माठ-पालक कसल्या पाण्यावर वाढतो, ते लोकलच्या दारातून आपण रोज पाहतो. पाइपातलं पाणी फिरून परत टाकीत येतं. झाडांनी प्यायलेलं तेवढंच भरायचं. 2015 साली ॲरिझोनाच्या संशोधकांनी लेट्यूसचा हिशेब मांडला होता: किलोमागे शेतात सुमारे 250 लिटर पाणी, हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे अशा मातीविना शेतीत, 20. उत्पन्न तेवढ्याच जागेत 11 पट.

मुरबाडचा:
दादा, त्याच हिशेबातला ऊर्जेचा आकडा गाळलात. किलोमागे 82 पट!

आमच्याकडे भात कापला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पंप नाही, मोटर नाही. थंडीत दव पडतं, त्यावर शेंगा धरतात. मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळतं ते वेगळंच. तुमच्या टाकीत नत्र येतं कॅल्शियम नायट्रेटच्या पिशवीतून. मातीचं हे काम तुम्ही धरलेलंच नाही.

घणसोलीकर:
82 पट बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. पण त्यातला जवळजवळ सगळा खर्च हरितगृह गरम-थंड राखण्याचा आणि दिव्यांचा. पंपाचा वाटा एक टक्कासुद्धा नाही, आणि माझ्याकडे फक्त पंप आहे. भात, तूर, वाल मातीतच व्हावेत, त्याबद्दल वाद नाही.

माजिवड्याची गच्ची:
थंड राखत नाही म्हणता, मग मे महिन्यात काय करता? मी 60 रोपांचा सेट घेतला होता. विकणाऱ्याने पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) 5.5 ते 6.5 ठेवा, एवढंच सांगितलं. दुपारी टाकीतलं पाणी कोमट व्हायचं, मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होऊन कुजली. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, हे नंतर कळलं. पाणी सगळ्यांचं एकच, त्यामुळे रोग आठवड्यात सगळीकडे. उरलेली रोपं एका दुपारी 3 तास वीज गेली तेव्हा गेली. पाइपात पाण्याचा जेमतेम पातळ थर असतो, पंप थांबला की मुळं उघडी. शेजारच्या कुंडीतला अळू मात्र टवटवीत!

घणसोलीकर:
ताई, मे महिन्यात लेट्यूस मीही बंदच ठेवतो. तेव्हा कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बादल्यांत माठ लावतो, वीज गेली तरी ओल टिकते. टाकी सावलीत हलवा, बाहेरून पांढरा रंग द्या.

मुरबाडचा:
पावसाळ्यात तुम्ही पालेभाजी जरूर घ्या. आमच्या पट्ट्यात त्या दिवसांत भातच असतो, आमचं काही जात नाही. पण 'शेतीपेक्षा सरस' हे वाचून गावातली पोरं कर्ज काढून पॉलीहाउस उभारतात आणि हप्त्यांत अडकतात. म्हणून बोललो. आणि खताचं जुनं पाणी कुठे सोडता? गटारात सोडलंत तर ते खाडीतच जाणार.

घणसोलीकर:
शीर्षक बदललं. जुनं पाणी पातळ करून सोसायटीच्या नारळांना घालतो. पावसाळ्यात मात्र नारळांना पाणी लागत नाही. त्या 4 महिन्यांचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.